सोजराबाईच्या ओट्यापर्यंत

आमच्या भागातलं पाणी खारं. हापशीचं घ्या का विहिरीचं, चहा केला तरी जिभेले समजते. त्या पाण्यानं का आणखी कशानं ते शिकलेले लोक सांगतीन, पण किडनी गेलेली माणसं आमच्या जळगाव जामोदच्या आसपास गल्लोगल्ली सापडतीन तुमाले. मी निवृत्ती. त्या माणसाईले खेड्यातून उचलून डायलिसिसले नेणं अन् परत घरी सोडणं, हे माह्यं काम. गाडी एका संस्थेची, स्टेअरिंग माह्यं. आधी म्या काळी-पिवळी चालवली. तवा मांगं बसलेले लोक भांडत, हसत, कोंबड्या मांडीवर घेऊन बसत. या गाडीतले लोक नुसते खिडकीबाहेर पाह्यत. जातानी पाय सुजलेले, येतानी तोंडं उतरलेले.

मंग त्या संस्थेनं एक नवीन क्लास काढला. डायलिसिसच्या हॉलले लागून जिनिंगचं जुनं गोडाऊन होतं. ते झाडलं, चुना मारला, खाली पिवळा पट्टा ओढला अन् पट्ट्याच्या दोन्ही टोकाले खुर्च्या मांडल्या. म्हणे इथं पोरं-पोरी शिकतीन. काय शिकतीन, तं दुखणेकऱ्याले कसरत कशी द्यायची ते. एक्सरसाइज फिजिओलॉजिस्ट. ते नाव माह्या जिभेवर आजही धड बसत नाई. पेशंट लोक त्याईले सरळ 'चालवणारे' म्हणत.

सहदेवभाऊ पहिल्याच दिवशी म्हणे, "बैल चालवणारे पाह्यले, गाडी चालवणारा हा निवृत्ती पाह्यला. आता माणसं चालवणारे बी निघाले का बे?"

सहदेवभाऊ म्हणजे तानाबाईचा नवरा. अन् ही गोष्ट तानाबाईची हाये.

तानाबाई जामोद रस्त्याले लागून असलेल्या खेड्यातली. उंच बाई, अन् आवाज असा का वावराच्या या धुऱ्यावरून हाक मारली तं त्या धुऱ्यावरचा बैल मान वर करे. चौदा एप्रिलले बाबासाहेबाच्या जयंतीची मिरवणूक बुद्धविहारापासून निघे अन् मोठ्या रस्त्यावरच्या चौकात जाये. बायाईच्या रांगेसमोर तानाबाई गात चाले, बाजूले सहदेवभाऊ ढोलकी गळ्यात अडकवून. लग्न करून आली तवापासून हेच. मी काही त्या वस्तीतला नाई, पण म्याबी चौकात उभं राहून आयकलेलं हाये. तानाबाई समोरून गेल्याबिगर घरी जावंसं वाटे नाई.

मंग तिले साखर झाली. मंग किडनी गेली. मंग हृदय ढिलं पडलं. मागच्या जयंतीले ती दारात खुर्ची टाकून बसून राह्यली. मिरवणूक गेली, आवाज लांब लांब गेला, अन् हिनं उठून दार लावून घेतलं.

गाडीत मले म्हणे, "निवृत्तीभाऊ, मेली असती तं लोकाईनं म्हटलं असतं, तानाबाई असती तं गायली असती. जित्या माणसानं दारात बसून दुसऱ्याईचं आयकावं, याच्यासारखं वंगाळ काही नाई."

म्हणून त्या गोडाऊनमधी पोरं शिकाले आली तवा साऱ्याईच्या आधी हात वर केला तो तिनं. "मले चालवा. मले या जयंतीले चौकापर्यंत जायचं हाये. माह्या पायानं."

त्या शिकणाऱ्या पोरीतल्या सुचिताच्या वाट्याले ती आली. सुचिता मोताळ्याची. बाप कपाशी-सोयाबीनवाला. पोरगी हाडानं बारीक, बोलणं खालच्या आवाजात. कसरतीची डिग्री शहरातून घेऊन आलेली, पण तिथं म्हणे धडधाकट माणसाईले पळवाले शिकवत. बिमार माणसाले हात लावाची ही पहिली वेळ. तानाबाईनं तिले खालून वर पाह्यलं.

"काय वं, तुह्यानं मी सावरल्या जाईन का? मी पडली तं तू खाली सापडशीन."

"पडता कशाले मावशी, मी हाये ना."

"तू हाये म्हणूनच तं भेव लागून राह्यलं."

सारे हसले. सुचिताबी हसली, पण कान लाल झाले.

शिकवाले अविनाश सर होते. वडनेर भोलजीचे. लय शिकले, पण बोलणं आपल्यावाणीच राह्यलं. मी पेशंटची वाट पाह्यत दारात बसलो असो, तं त्याईचं शिकवणं आपोआप कानावर पडे. म्हणत, "ज्याले एकच बिमारी हाये, त्याचं पुस्तकात लिहून ठेवेल असते. तीन बिमाऱ्या एका घरात राहाले आल्या का त्या एकमेकीच्या कानात बोलतात. तुमाले आयकू येत नाई. ते आयकाले शिका." अन् तानाबाईच्या बाबतीत साऱ्या पोराईले म्हणाले, "यायले नाडी कमी ठेवाची गोळी सुरू हाये. कितीबी दमल्या तरी नाडी चढत नाई, म्हणून नाडीवर भरोसा ठेवू नका. बोलण्यावरून पाहा. चालता चालता बोलता आलं पाह्यजे, पण गाता येऊ नाई, एवढं काम बरोबर. बोलतानीच दम लागत असन तं थांबवा. अन् आरामात गाणं म्हणता येत असन, तं काम हलकं हाये, थोडं वाढवता येते."

सारीकडं असंच करतात म्हणे. आमच्या गोडाऊनमधी मातर त्याचा घोळ झाला.

सुचितानं तानाबाईले पट्ट्यावर उभं केलं. ज्या हातात डायलिसिसची सुई टोचतात तो हात मोकळा ठेवला, दुसऱ्या हाताशी आपण चालली. थोडं चालून झाल्यावर म्हणे, "मावशी, काही म्हणून पाहा बरं."

तानाबाईनं काही विचार केला नाई. सुरू केलं.

"वस्तीमधून निघाली गं…"

अन् खुर्च्यावर बसलेल्या साऱ्या बायाईनं झेललं, "निळ्या झेंड्याची रांग!"

सहदेवभाऊनं खुर्चीच्या पाठीवर ताल धरला. डायलिसिस आटपून बसलेला एक म्हातारा डोळे मिटूनच गाऊ लागला. दारात मीबी. आता हे समजून घ्या. आमच्याकडं कोणी गाणं उचललं का त्याले एकटं सोडत नाईत. पाहुण्याले जेवाले बसवून आपण उठून जाणं अन् गाणाऱ्याले एकट्याले गाऊ देणं, दोन्ही सारखंच. शिकवावं लागत नाई ते, तोंडातून आपोआप निघते.

सुचिताचं तोंड फुललं. "सर, मावशी तं गाऊन राह्यल्या!"

"मंग वाढव थोडं," सर म्हणाले.

असं ते वाढत गेलं. आधी अर्धा पट्टा, मंग पूर्ण, मंग जाऊन येऊन, मंग पायऱ्या. दर बारीले सुचिता म्हणे, मावशी म्हणा, अन् मावशी म्हणे, अन् साऱ्या गोडाऊनचं छत दणाणे. मले तं गाडीतले लोक बदललेले दिसले. जातानी आता बोलत. तानाबाईले हाका मारत, "आज कोणतं गाणं?" तीबी गाडीत चढतानी ठसक्यात चढे. नवी पांढरी साडी आणली होती जयंतीसाठी, निळ्या काठाची. ती कशी नेसणार, पदर कसा खोवणार, हे माह्यासारख्या डायव्हरलेबी पाठ झालं होतं.

सुचिता रोज विचारे, "रात्री आडवं होऊन झोपता येते ना मावशी? दम नाई ना कोंडत?"

"मस्त झोपते वं माय. घोरते. इचार या बुढ्याले."

सहदेवभाऊ मान हालवे.

सरांनी बाकीच्या पोराईले बोलावून दाखवलं, पाहा, असा कठीण पेशंट हळूहळू वर न्यायचा. परीक्षेलेबी सुचितानं तानाबाईलेच उभं करायचं ठरलं. बाहेरून तपासणारे येणार होते.

जयंती तोंडावर आली तवाची गोष्ट. लग्नाची दाट तिथ होती. गाडीत एकटी तानाबाई. बाकीचे डायलिसिसचा वार बदलून घेऊन लग्नाले गेलेले, सर अन् बाकीची पोरंबी नोती. सहदेवभाऊ ढोलकीची वादी ताणून आणाले गेला होता. मी तिले सोडून टायरमधी हवा भराले गेलो. परत आलो अन् दारात उभा राह्यलो, तं गोडाऊनमधी नुसता पायाचा आवाज.

सुचिता म्हणे, "मावशी, म्हणा."

"वस्तीमधून निघाली गं…"

अन् पुढं काही नाई. पाय वाजले. श्वास वाजला. मले गाणं उचलू वाटलं, तोंड उघडलंबी, पण सुचितानं हात वर करून मले थांबवलं. तिचं ध्यान तानाबाईच्या गळ्याकडं होतं.

"पुढं मावशी?"

"पुढचं… बाकीचे म्हणतात ना बाई."

"आज तुमीच म्हणा. पूर्ण."

तानाबाई हसली. पुन्हा उचललं. "वस्तीमधून निघाली गं, निळ्या…" अन् तिथं तुटलं. एखाद्यानं मांगून पदर ओढावा तशी ती उभी राह्यली. होट जांभळे. सुचितानं खुर्ची तिच्या खाली सरकवली अन् आपण जमिनीवर बसली. पायावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच.

"मावशी, आडवं होऊन झोपता का तुमी, खरं सांगा."

तानाबाईनं लुगडं खाली ओढून पाय झाकून घेतले.

सरांनी दुसऱ्या दिवशी हृदयाचा फोटो काढून आणवला. हृदयाचं काम आधीच्यापेक्षा खाली गेलेलं. चालवण्यानं झालं का होणारच होतं, सर म्हणाले, हे कोणीच सांगू शकत नाई. सुचिता म्हणे, "चूक माही हाये सर. मी गाणं आयकत होती. कोण म्हणून राह्यलं ते आयकलंच नाई." सरांनी तो फोटो पाकिटात घातला. "शिकवलं म्या," म्हणाले. "जिनं जलमभर चालता चालता गायलं, तिचा दम म्या गाण्यानं मोजाले लावला. तुह्याआधी मले समजाले पाह्यजे होतं."

मंग म्हणाले, "मिरवणूक नाई आता. घरी जाऊन मी सांगतो."

"नाई सर. चालवलं म्या, मीच सांगीन."

मीच घेऊन गेलो तिले. तानाबाई ओसरीत बसून तूर निवडत होती. दोरीवर ती पांढरी साडी, धुऊन, खळ देऊन वाळत घातलेली. सहदेवभाऊ खाटेवर.

सुचितानं सांगतलं. सरळ सांगतलं, घुमवून फिरवून नाई.

तानाबाईचा हात सुपात थांबला. "म्या गायलं ना वं तुह्यासमोर. तूच म्हटलं, गाता येते म्हणजे बरं हाये."

"म्हटलं मावशी. पण अर्धं गाणं बाकीचे म्हणत. तुमी तेवढ्यात दम घेत होत्या."

"तसंच गातात गाणं. एकट्यानं कोण गाते?"

"हाव. ते मले मालूम नोतं."

तानाबाईनं सूप खाली ठेवलं. नवऱ्याकडं पाह्यलं. "तुमाले मालूम होतं?"

सहदेवभाऊ खाटेची दोरी चाचपत राह्यला.

"रात्रभर मले टेकून बसवता, पाठ चोळता. मालूम होतं ना तुमाले? मंग काऊन नाई बोलले या पोरीजवळ?"

"तू चालून राह्यली होती," सहदेवभाऊ म्हणे. "किती दिवसानं चालून राह्यली होती तू. कसा बोलू?"

तानाबाईनं उठून दोरीवरची साडी काढली, ओली होती तरी घडी घातली अन् आत गेली. आतून म्हणे, "जाय वं पोरी. तुनं मले चालवली, आता तूच बसवते. जाय."

सुचिता गाडीत बसली अन् ओढणी तोंडात कोंबून रडली. म्या आरसा वर फिरवला.

चौदा एप्रिलले तिले सुट्टी होती. तरी सकाळच्याच बसनं मोताळ्याहून आली. म्या स्टँडवरून तिले घेतलं. म्या म्हटलं, "तिनं हाकललं तं?"

"तं परत येईन काका."

वस्ती रिकामी. सारे विहाराजवळ. सहदेवभाऊ घरीच होता, ढोलकी त्यानं दुसऱ्याच्या गळ्यात देऊन टाकली होती. तानाबाई पांढरी साडी नेसून ओसरीत उभी. खुर्ची मांडलेली, पण बसली नोती.

"आली?"

"आली मावशी."

"दारात बसून मी आयकणार नाई. अन् मिरवणुकीत जायचं नाई, तेबी मले समजते. मी काही येडी नाई. तू चालव मले. जमन तेवढं."

सुचितानं सराले फोन लावला. स्पीकर सुरू होता, म्हणून म्याबी आयकलं. सर म्हणाले, "तुह्या डोळ्यासमोर पेशंट हाये, माह्या नाई. काय दिसते ते पाह्य. ठरवाचं तुले हाये."

तिनं पाह्यलं. पाय पाह्यले, मानेवरची शीर पाह्यली, पाठीले कान लावून श्वास आयकला. आदल्याच दिवशी डायलिसिस झालेलं, म्हणून सूज उतरलेली होती. मंग म्हणे, "गाणं नाई."

"बरं."

"मी म्हटलं का बसायचं."

"अन् म्या म्हटलं तं?"

"तं तवाच. तिथल्या तिथं."

निघाल्या दोघी. सहदेवभाऊ मांगून प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन. मी त्याच्या मांगं. हसू येईन अशीच वरात होती ती, पण हसलं कोणी नाई. तिकडं विहाराजवळ बायाईनं गाणं उचललं. आवाज घरावरून येऊन राह्यला होता. तानाबाईचा गळा हालला. म्या पाह्यलं. होट मातर मिटलेले. सुचिताचं सारं ध्यान तिच्या श्वासात. एक घर गेलं, हापशी गेली, आणखी एक घर गेलं. मिरवणूक चौकाकडं वळली असन, कारण आवाज पातळ होत गेला. गल्लीतल्या सोजराबाईच्या ओट्यापाशी तानाबाई थांबली.

म्हणे, "दम लागला वं बाई मले."

इतके महिने मी तिची ने-आण केली. डायलिसिसनं अंग पिळून निघालेलं असे तवाबी तिच्या तोंडून ते निघालं नोतं. सहदेवभाऊ खुर्ची डोक्यावर घेऊन तसाच उभा राह्यला, खाली ठेवाचंही त्याले सुचलं नाई. सुचितानं तिले ओट्यावर टेकवलं.

आतून सोजराबाई तांब्या घेऊन आली. म्हातारी, बहिरी, म्हणून मिरवणुकीले गेली नोती. सुचितानं तांब्या हातात घेतला अन् एकच घोट दिला. डायलिसिसवाल्याले पाणी मोजून.

सोजराबाई कावली. "एवढ्या उन्हात घोटभर पाणी? कोणाची पोर हाये ही?"

"मोताळ्याची हाये," तानाबाई मोठ्यानं म्हणे. "कंजूस हाये, पण चांगली हाये."

मंग दोघी तिथंच बसल्या. मिरवणुकीचा आवाज पुरा बंद होईपर्यंत. परत येतानी सुचितानं तिले चालू दिलं नाई. मी गाडी गल्लीत घातली.

तानाबाई मे महिना सरता सरता गेली. डायलिसिस करून आली, घरी जेवली, अन् गेली.

सुचिता परीक्षा पास झाली होती तवापर्यंत. दुसरा पेशंट उभा न करता तिनं तानाबाईचंच सारं सांगतलं म्हणे, कुठं चुकलं त्याच्यासकट. पेढे वाटले नाईत तिनं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, गेलेल्या माणसासाठी वंदना ठेवतात त्या दिवशी, ती आली, मांगं बायाईत बसली. वंदना झाली. अकोल्याकडचा कोणी पाहुणा बाजूच्याले म्हणाला, हळू नाईच, "कसरत करवत होते म्हणे तिले. त्या पोट्टीनंच चालवून चालवून मारली." सुचितानं मान खाली घातली, पण उठली नाई.

सहदेवभाऊ फोटोजवळ बसला होता. मले वाटलं, आता नाई बोलत हा. मंग पाहुण्याकडं न पाह्यताच म्हणे, "मले तिनं जलमभर कधी सांगतलं नाई का दमली म्हणून. मी अंदाजानं उठो रात्री. या पोरीसंग ओट्यापर्यंत चालून आली, तवापासून शेवटचा महिना हाक मारे. दम लागला, म्हणे, उठा. मी उठून बसवो तिले." नाक पुसलं त्यानं. "तुमी जेवून घ्या पाहुणे."

संध्याकाळी म्या सुचिताले स्टँडवर आणलं. मोताळ्याकडं जाणारी बस लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. ती उतरली नाई.

"काका, तो पाहुणा म्हणे ते खरं असन का?"

"मले नाई समजत पोरी."

"सरालेबी नाई समजत."

"मंग मले कुठून समजन?"

तिनं मान हालवली. उद्या कोणाकोणाले आणणार ते इचारलं. म्या नावं सांगतली. त्यात एक नवीन होता, किडनी अन् हृदय दोन्हीवाला, तो तिच्याकडंच लागलेला. तिनं आयकलं अन् खिडकीबाहेर पाहू लागली. बस निघाली. म्या इंजन बंद केलं. दुसरी बस यायले वेळ होता, आम्ही तसेच बसून राह्यलो.